जिनिंगच्या पुढं गेलेली रेषा

मी भूत मानत नाय. देवालाबी अर्धाच मानायचो, तोही बायकोच्या धाकानं. आमचं गाव सिल्लोडच्या बाजूला. तिकडं बाभळीत काय दिसलं, विहिरीवर कोण बसलेलं असतं, असल्या गोष्टी लहानपणी लई ऐकल्या. सांगणाऱ्याला तोंडावर म्हणायचो, तुझ्या पोटात गॅस झालाय. नंतर तेहतीस वर्षं वाळूजला एका कंपनीत फिटर होतो. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, कारण सापडलं की मशीन चालतं. मला एवढंच कळतं. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटायलीय. पण पोरगी म्हणाली लिहा, म्हणून वहीत लिहिलं. टाईप तिनं केलं. माझी शाळा सातवीपर्यंत, तीबी नापास. चुका काढत बसू नका.

राहतो बजाजनगरला, दोन खोल्या. छत्रपती संभाजीनगर म्हणायचं आता, माझ्या तोंडातून औरंगाबादच निघतं. आयुष्यभर शिफ्टला काळ्या सायकलीवर गेलो. रिटायर झाल्यावर जावयानं त्याची जुनी गियरची सायकल मला दिली. सोबत हँडलला लावायचं एक मशीन दिलं, काडीपेटीपेक्षा थोडं मोठं. जीपीएस. घरी लॅपटॉपवर नकाशात रस्ता काढायचा, वायर लावून तो मशीनमध्ये टाकायचा, मग रस्त्यावर ते रेषा दाखवतं... इथं वळा, तिथं वळा. रेषा सोडली की ओरडतं, ऑफ कोर्स, म्हणजे वाट चुकली.

मी म्हणलं, तेहतीस वर्षं इथली धूळ खाल्ली, मला कोण रस्ता सांगणार! पण कौसल्याला, म्हणजे माझ्या बायकोला, ते लई आवडलं. ती दहावी पास. गुडघे गेलेले, गल्लीच्या टोकाला जायचं तर दोनदा बसावं लागायचं. जावयाचा जुना लॅपटॉप होता. जावयानं एकदा दाखवलं, हिनं उचललं.

मग दर शनिवारी संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की चष्मा लावून बसायची. नकाशावर एकेक ठिपका दाबत रेषा पुढं न्यायची.

"अहो, इथं नाल्यावर पूल दावतोय. खरंच हाय का?"

"हाय. पण रस्ता पार उखडलाय."

"मग डावीकडनं काढते. तुमचं कंबरडं नंतर माझ्याच गळ्यात येतंय."

त्या रेषेवर जागोजागी एखादा शब्द टाकता येतो. तिथं पोचलं की मशीन वाजतं आणि शब्द दिसतो. मराठी लिहिलं की मशीनमध्ये नुसते चौकोन उमटायचे, म्हणून ती इंग्रजी अक्षरात लिहायची. पाणी. चहा. कुत्रा. चढ. कंपनीत ड्रॉइंग वाचून वाचून तेवढी अक्षरं मलाबी येतात. पण हे तिला घरात बसून कसं कळायचं? मीच सांगायचो. परत आलो की पाणी द्यायच्या आधी विचारायची, कुठं काय होतं. कुठं कुत्रं मागं लागलं, कुठं चहा बरा मिळाला. पुढच्या खेपेला ते रेषेवर यायचं. म्हणजे रेषेवरचा एकेक शब्द माझ्याच तोंडचा. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आणखी एक. मी कुठून कुठं गेलो, किती थांबलो, ते सगळं मशीन लिहून ठेवतं. आल्यावर ती वायर लावून बघायची. "इथं वीस मिनिटं उभं होता. काय होतं तिथं? भजी का?" चोरी म्हणून करता यायची नाय.

आता त्या दिवसाचं सांगतो. थंडी होती, रविवार. वाळूजच्या पुढं नगर रोड सोडून उजवीकडं आत गेलं की गावागावातनं लासूर स्टेशनकडं रस्ता जातो. तिकडं मी नेहमी जायचो, जाऊन येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर. त्या वाटेवर एक बंद पडलेली कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी काढायची गिरणी, लागते. सकाळी निघताना कौसल्या म्हणाली, "आज कमीच काढलंय. जिनिंगपासनं माघारी फिरा. नऊच्या आत या."

मी म्हणलं, "का? म्हातारा झालो का मी?"

"व्हय, झालात. आज ऐका एक दिवस."

का ऐका, ते मी विचारलं नाय. तिनंबी सांगितलं नाय.

जिनिंगपाशी आलो. मशीन म्हणालं, फिरा. त्याच टायमाला शहरातली दोन पोरं चकचकीत सायकलीवर मला मागं टाकून पुढं गेली. एकानं जाता जाता "सांभाळून काका" म्हणलं. डोकं फिरलं माझं. मशीन ओरडायला लागलं. तसंच पुढं गेलो असतो तर घरी गेल्यावर तिला नकाशात दिसलं असतं, म्हणून मशीनच बंद करून टाकलं. पोरं काय सापडली नाय. पण पुढं एक कॅनॉल लागतो, त्याच्या कडेला पेरूची बाग. एक फांदी कुंपणाच्या बाहेर आलेली. दोन पेरू तोडले, कॅनॉलच्या सिमेंटवर पाय सोडून बसलो, खाल्ले. ऊन अंगावर घेतलं. तासभर तरी बसलो असंल. लई बरं वाटलं. खोटं बोलणार नाय, इतकं बरं मला वर्षात वाटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. गल्लीत माणसं. शेजारच्या पठाणभाभी पुढं आल्या, डोळे लाल. "भाऊ, किधर थे तुम? कब से राह देख रहे..." कौसल्या दारातल्या खुर्चीवर बसली होती. बसल्या बसल्याच कलंडली. भाभींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण काय उपयोग झाला नाय.

आणि माझ्या तोंडातनं पहिला शब्द काय निघाला? "पंक्चर झालं होतं."

बायको गेली, आणि मी खोटं बोललो. मग ते बोलतच राहिलो. भावाला, सोयऱ्यांना, दहाव्याला आलेल्या कंपनीतल्या लोकांना. पोरीला, वंदनाला, तर गळ्यात पडून सांगितलं, "पंक्चर झालं गं, नायतर मी वेळेवर आलो असतो." तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. तो हात मला अजून भाजतो. पेरूचं, कॅनॉलचं मी कुणापाशी अक्षर काढलं नाय. घरात एकच मोबाईल, तो कौसल्यापाशीच असायचा. मशीन बंद केलेलं. म्हणजे मी कुठं होतो ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कुणालाच.

सायकल भिंतीला लावली ती आठ-नऊ महिने तशीच. वंदना पुण्याहून रोज फोन करायची. "आबा, जेवलात का? आबा, बाहेर पडा जरा." मी हं हं करायचो. एक कप चहा करायची सवय लागायला मला चार महिने लागले, सारखा दोनाचा व्हायचा.

भादव्यात एका शनिवारी मीच तिला म्हणलं, मला रेषा काढायला शिकव. तिला वाटलं, आबा सुधारले. माझ्या मनात वेगळंच होतं. मला तीच जिनिंगपर्यंतची रेषा काढायची होती. जायचं, जिनिंगपासनं माघारी फिरायचं, नऊच्या आत घरी यायचं. कुणी नसलं तरी यायचं. एकदा तरी कौसल्याच्या सांगण्यावरनं फिरायचं होतं.

मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून वंदनानं शिकवलं. अडीच तास गेले. "आबा, लॅपटॉप दाखवा, तुमचं नाक नको!" ... "आबा, रेषा शेतात गेली, मागं घ्या." ... "आबा, शिव्या देऊ नका, यश ऐकतोय." यश म्हणजे जावई. तोबी मधी येऊन बघून गेला, म्हणाला बरोबर आहे, बजाजनगर ते जिनिंग ते बजाजनगर. वायर लावली, फाईल टाकली. शब्द काय टाकले नाय, ते मला येतच नव्हतं.

सकाळी सहाला निघालो. आभाळ होतं, पाऊस नव्हता. दोन्ही बाजूला कपाशी, मका. पाय भरून आले, पण गेलो. जिनिंगचं गंजलेलं गेट आलं. थांबलो. वाट बघितली, मशीन आता म्हणंल फिरा.

मशीन काय बोललं नाय. रेषा सरळ पुढं.

मी म्हणलं, चुकलं आपलं. कुठंतरी जास्तीचा ठिपका दाबला असंल. माघारी सायकल वळवली. तर मशीन ओरडलं, ऑफ कोर्स. पुन्हा पुढं वळवली, गप. तीनदा करून बघितलं. कपाशीत एक बाई खुरपत होती, ती उभी राहून बघायला लागली. म्हणाली, "काय हरवलं का दादा?" मी म्हणलं, नाय.

शेवटी रेषेच्या मागं गेलो. खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. ती वाट मला डोळ्यापुढंबी नको होती. दोन वळणं, मग कॅनॉल. बाग आली, कुंपण आलं, ती फांदी आली. झाडाला नुसती पानं. मशीन वाजलं. असं ते तिच्या शब्दांना वाजायचं, बारीक, दोनदा. खाली मान घालून बघितलं.

पेरू.

इंग्रजी अक्षरात, चार अक्षरं. बाकी काय नाय. चहाला, पाण्याला जसं लिहायची तसंच.

कॅनॉलच्या सिमेंटवर बसलो. किती वेळ रडलो माहीत नाय. बायको गेली तेव्हा लोकांपुढं रडलो होतो, ते रडणं वेगळं, त्यात पंक्चर होतं. उठलो तेव्हा रेषा तिथनंच माघारी वळलेली होती, घराकडं. एकदा जागा मागं पडली की शब्द स्क्रीनवरनं जातो. तो परत दिसला नाय.

घरी येऊन कुलूप काढलं आणि सायकल आत घ्यायच्या आधी वंदनाला फोन लावला. म्हणलं, "त्या दिवशी पंक्चर झालं नव्हतं." सगळं सांगितलं. पोरं, मशीन बंद केलेलं, कॅनॉल, पेरू. मग आज काय झालं तेबी. मला वाटलं फोन कट झाला.

"वंदे? शिव्या दे, पण बोल."

"आबा..." आवाज बसलेला. "त्या दिवशी साडेआठला मी मायला फोन केला होता. ती म्हणाली छातीत जड वाटतंय, कालपासनं. मी म्हणाले ॲसिडिटी असेल, गोळी घे आणि पडून राहा. नऊला आबा येतील, मग दवाखान्यात जा. रविवार असूनही मला ऑफिसची मीटिंग होती, आबा. मी फोन ठेवला."

ती नऊ महिने हे पोटात घेऊन रोज मला विचारत होती, जेवलात का.

मी तिला म्हणलं, तुझं काय चुकलं नाय. ती म्हणाली, तुमचंबी नाय. दोघांनाबी एकमेकांचं पटलं नाय, तरी फोन ठेवला नाय कुणी. मग तिनं लहान पोरीसारखं विचारलं, "माय रागावली असेल का?"

मी म्हणलं, "रागावली असती तर तिथं कुत्रा लिहिलं असतं."

हसली ती. रडता रडता हसली.

पुढच्या शनिवारी दोघं नवराबायको आले. यशनं वायर लावून सगळं तपासलं. मी गेलो ती वाट दिसते, कॅनॉलपर्यंत, तिथं पाऊण तास थांबलेलो. पण मी टाकलेली रेषा जिनिंगलाच वळते, आणि तिच्यावर एकबी शब्द नाय. यश म्हणाला, कौसल्यामायची जुनी फाईल आतमधी राहिली असेल, तीच उघडली असेल. मी म्हणलं, असेल. पण जुन्या फायलीत पेरू कुठनं येणार? मी ते खाल्ले तेव्हा ती घरी दारात बसून माझी वाट बघत होती. त्यानंतर तिनं लॅपटॉपला हात लावला नाय. यशनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. म्हाताऱ्याला भास झाला म्हणाल तर म्हणा, मीबी दुसऱ्याला तेच म्हणलो असतो. पण मग माघारी वळल्यावर मशीन का ओरडलं? शब्द भासला, तर रेषाबी भासली का? तुमच्यात कुणी या मशीनचं काम करणारा असंल आणि त्याला कारण सापडलं, तर खाली लिहा. वंदना वाचून दाखवंल.

नाय लिहिलं तरी चालंल. कारण सापडलेलं मला बरं वाटंल, का न सापडलेलं, ते माझं अजून ठरलेलं नाय.