पुलावरचा ऊस

शहात्तर साली अकलूजकडच्या एका ओढ्यावर पूल बांधायला आलेला चनबसप्पा मिस्त्री मूळचा दुधनीचा. पूल उभा राहिलाच, वर ओढ्यापलीकडच्या घरात लेकीची, दाक्षायणीची, सोयरीकही जमली. "वऱ्हाड पुलावरनंच येणार की! कुणाची टाच भिजली तर मिशी काढतो," असं तो होणाऱ्या विहिणीला, काशम्माला, ठणकावून बसला होता. लग्न आठवड्यावर आलं आणि पुलाची परीक्षा अजून व्हायचीच होती.

परीक्षा अशी : पुलावर दाबून वजन ठेवायचं. पूल केसभर वाकतो, खाली लावलेला काटा ते दाखवतो. वजन उतरवलं की पूल परत वर आला, तर पास. वाळूची पोती आलीच नाहीत, म्हणून सोलापूरच्या इंजिनिअरसाहेबांनी उसानं भरलेल्या गाड्याच पुलावर लावल्या.

दुपारी साहेब खालून ओरडले, "मिस्त्री, इम्पॉसिबल! वजन वर असताना पूल उठतोय!"

चनबसप्पा धावत वर गेला, तर जिकडंतिकडं चिपाडांचे ढीग! दोन्ही काठांवरचं गाव रांगेनं ऊस सोलत बसलेलं, बैलसुद्धा उसाच्या शेंड्यांचं वाढं ओढताहेत.

"येनप्पा, काय हे! वजन खाल्लं की रे तुमी!"

"एक कांडं तर खाल्लं," एक आजा म्हणाला. "त्यानं पुलाला काय हुतंय?"

"तुजं एक. गावाचं किती?"

साहेब गरजले, "संध्याकाळपर्यंत लोड पूर्ण पाहिजे! नाहीतर टेस्ट पुढच्या महिन्यात."

चनबसप्पाचा हात मिशीवर गेला आणि तिथंच थांबला.

"खाल्लेला ऊस कुटं हाय? पोटात! मग पोटं घेऊन पुलावर बसा!"

"आन् मोडला तर?" सगळे मागं सरले.

काशम्मानं पदर खोचला. "माजी सून ह्याच्यावरनंच येणार हाय. आदी मी बसून बघती." ऊस चघळतच ती पुलाच्या मधोमध मांडी घालून बसली. मग काय, तिच्यामागं गाव!

"अजून चौघं... अजून दोघं... बास! कुणी हलू नका!" साहेब काट्याला डोळा लावून.

तेवढ्यात आजा शिंकला.

"आजा, शिंक बी काट्यावर उमटली बग!" काट्याशी वाकलेला चनबसप्पा ओरडला. पुलावर हशा उसळला, आणि साहेब पुन्हा ओरडले, "हसूही नका!"

संध्याकाळी गाड्या उतरल्या, माणसं उतरली. काटा हळूहळू मागं सरकत पहिल्या खुणेशी येऊन टेकला.

"पास!"

चनबसप्पानं साहेबांनाच उचललं.

"मिशी ऱ्हाली म्हणायची, व्याही," काशम्मा म्हणाली. "आता लग्नात ऊस वाडा."

"वाडतो की, विहीणबाई. लई वाडतो. पण पंगत पुलावर न्हाय!"