वखारीतले कवी

मराठी मासिकांतून छापून आलेली प्रत्येक गोष्ट आणि प्रत्येक कविता माझ्या थोरल्या साडूंना ठाऊक होती, आणि त्यांतली एकही त्यांनी वाचलेली नव्हती. हे मी कुचेष्टेनं लिहीत नाही. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत ते दिवाणजी होते. तंबाखूचे बोद, म्हणजे बांधलेले गठ्ठे, मोजून घेणं आणि पेठेत भाव करणं हा त्यांचा पोटाचा धंदा, आणि कुठल्या लेखकाची कुठली गोष्ट, कुठली कविता, कुठल्या मासिकाच्या कुठल्या अंकात, कितव्या पानावर आली याची चिठ्ठी करून ठेवणं हा जिवाचा. पुढं तीच कविता एखाद्या संग्रहात आली की त्याच चिठ्ठीच्या पाठीवर त्याचीही नोंद पडे. मी बेळगावात मास्तर. मराठी शिकवून पगार घेणारा. पहिल्या भेटीत मी मोठ्या उत्साहानं त्यांना विचारलं, "अण्णा, ती अमक्यांची गोष्ट काय सुंदर आहे, नाही?" अण्णा म्हणाले, "असंल. पान एकशेबारा." मी म्हटलं, "म्हणजे आपण वाचली नाही?" त्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मीच काहीतरी अभद्र बोललो असं मला वाटलं. "मास्तर, मापाडी गूळ चाखाय लागला की काटा हलतोय. वाचलं की एक आवडतंय, एक आवडत न्हाय. मग आवडीचं आधी लिवावं वाटतंय. आपल्याला ते नगं."

चिठ्ठ्या म्हणजे बोदांना बांधायच्या जाड कागदाच्या पट्ट्या. एका टोकाला भोक असे, तेवढ्यासाठी अण्णांना त्या आवडत; एका लेखकाच्या सगळ्या चिठ्ठ्या सुतळीत ओवता येत. वखारीच्या मागच्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते. पूर्वी त्यांत तंबाखूच्या वानग्या ठेवीत, आता कवी आणि कथाकार ठेवले होते. पण वानगीचा गुण लाकडातून गेला नव्हता. कोणत्याही लेखकाचा खण ओढला की आधी पाचसहा शिंका यायच्या, मग लेखक सापडायचा. पुण्याहून एक विद्वान गृहस्थ या चिठ्ठ्या पाहायला मुद्दाम आले होते. त्यांना 'अ' पासून 'क' पर्यंत जाईतो इतक्या शिंका आल्या की 'ख' च्या आधीच त्यांनी मोटार गाठली. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. "वाळवी बी अशीच परत जाती," ते समाधानानं म्हणाले.

मासिकं विकत घेण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून अण्णा ती जिथं दिसतील तिथं गाठत. लग्नाचं आमंत्रण आलं की ते नवरा-नवरीची नावं वाचत नसत. यजमानाचे वडील वर्गणीदार होते का, ते आठवून पाहत. संकेश्वरच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, पंगत बसली आणि अण्णांचं पान रिकामं. शोधाशोध झाली तेव्हा ते माळ्यावर, भाताच्या कणगीआड पालथे पडून, उंदरांनी कुरतडलेल्या अंकांवरून चिठ्ठ्या करत होते. खालून यजमान ओरडले, "अहो दिवाणजी, जिलबी आली!" वरून आवाज आला, "कुणाची? कविता का गोष्ट?"

वाण्याच्या पुड्यांबाबत तर विचारूच नये. एकदा आक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, हळद आणवली. पुडीच्या कागदावर एका कवितेचं शेपूट होतं, कवीचं नाव मागच्या पानावर राहिलं होतं. अण्णांनी हळद तिथंच पाटावर ओतली आणि दुकान गाठलं. वाणी म्हणाला, आधीच्या पानात जिरं बांधलं असंल, न्हायतर मोहरी. कुणाला गेली कुणाला ठाऊक! मग अण्णा महिनाभर रोज थोडं जिरं, थोडी मोहरी आणत राहिले. कवी सापडला तो बडीशेपेत. तोवर आक्काच्या घरात इतकं जिरं झालं होतं की आमच्या बेळगावच्या घरीसुद्धा त्या वर्षी विकत आणावं लागलं नाही.

पण अण्णांचा खरा कायदा निराळाच होता. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नाही, तर तो गेला असं समजून त्याचे दिवस करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. अण्णांनी ती लेखकांना लावली. ज्याचं बारा वर्षांत काहीही छापून आलं नाही त्याच्या चिठ्ठ्या ते खालच्या खणातून काढत, काळ्या दोऱ्यानं बांधत आणि वरच्या रांगेत ठेवत. मग घरी येऊन न बोलता डोक्यावरून आंघोळ करत. "लेखकाचं आपलं नातं लांबचं. नुसत्या आंघोळीचं सुतक," असं त्यांनी ठरवलं होतं. भलत्या वेळी न्हाणीत पाण्याचा आवाज आला की आक्का चुलीपासून विचारी, "कोण गेलं वो?" आतून उत्तर येई, "नाशिकचे. विनोदी लिवायचे." मग ती बिचारी त्या दिवशी गोड करत नसे.

या कायद्यानं घोटाळेही होत. आमच्या बेळगावच्या वाचनालयाच्या वार्षिक समारंभाला एक लेखक पाहुणे म्हणून आले. मी अण्णांना निपाणीहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सबंध भाषणभर ते पाहुण्यांकडं डोळे विस्फारून बघत होते. भाषण संपताच पुढं जाऊन त्यांनी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि हळहळत्या आवाजात म्हणाले, "पण आपण तर दोन सालामागं गेलासा!" पाहुणे गोंधळले. "गेलो? कुठं?" "वरच्या रांगंत." मी मध्ये पडून सारवासारव केली, आपण बऱ्याच वर्षांत काही लिहिलं नाही, असं त्यांना म्हणायचं आहे. पाहुणे ओशाळून म्हणाले, "हो, हल्ली मी विमा कंपनीत असतो." "तेच की!" अण्णा म्हणाले.

त्यांच्या या पसाऱ्यात मीही कामाला होतो. बेळगावच्या वाचनालयातले जुने अंक चाळून नोंदी पाठवायचं मी कबूल केलं होतं आणि नेहमीप्रमाणं टाळत होतो. शाळेच्या वह्या, घरचं दुखणंखुपणं, काही ना काही निघे. अण्णा रागावत नसत, तेच मला फार लागे. म्हणून एका भाद्रपदात ते अचानक माझ्या दारात उभे राहिले तेव्हा मी आधीच क्षमा मागायला लागलो. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. मास्तर, एक माणूस धुंडायचं हाय. दिवाळीच्या आत." आणि त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांची एक जुडी काढली. सगळ्यांवर एकच नाव होतं: कुमारी चंपू, शहापूर. शेवटची कविता बारा वर्षांमागच्या दिवाळी अंकात. "दिवाळीला बारा भरत्यात," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आक्का म्हणती, सणाच्या दिवशी घरात सुतकाची आंघोळ चालायची न्हाय. आन् मला बी..." आणि ते जुडीची सुतळी पुन्हा आवळू लागले.

आमच्या बेळगावचं शहापूर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हातमागांच्या खडखडाटातून गल्ल्या पालथ्या घालत मी विचारत फिरलो. कविता करणारी चंपू कुणालाच माहीत नव्हती. शेवटी एका विणकराच्या म्हातारीनं माझी कीव केली. "चंपू व्हय? लुगड्यांच्या दुकानवाल्या जैनांची? ती चंपू कुठली ऱ्हातीया आता, मास्तर! लगीन झालं की तिचं. सासरी पद्मावती नाव ठेवलं. चिकोडीला दिली." मला हसावं की रडावं कळेना. लग्नात मुलीचं नाव बदलतं हे काय अण्णांना ठाऊक नव्हतं? त्यांची स्वतःची बायको माहेरी गंगू होती. पण चिठ्ठीवरच्या माणसांची लग्नं होतात, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

चिकोडीचं घर मोठं, मिरच्यांच्या व्यापाऱ्यांचं, आणि सगळं कानडी बोलणारं. पद्माक्का ओसरीवर आल्या. मी चंपूचं नाव घेताच त्या म्हणाल्या, "चुकून आलायसा. चंपू इथं कुणी न्हाय." मग मी चिठ्ठ्या पुढं केल्या. त्या कितीतरी वेळ एकेका कवितेचं नाव वाचत राहिल्या. मी बारा वर्षांचा कायदा आणि आंघोळ सांगितली. म्हटलं, "तेव्हा आपण दिवाळीपर्यंत आहात." त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आतून सासूबाईंनी कानडीत काय झालं म्हणून विचारलं. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "मास्तर, ह्या घरात मला कुणी काही कमी केलेलं न्हाय. मालक लई चांगले. पण भांडाय कानडी, हिशेबाला कानडी, पोरांना निजवाय कानडी. स्वप्नंसुद्धा कानडीत पडत्यात. मराठी कविता कुठनं आणू?" मी परत निघालो तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या हातात दिल्या, आणि पुन्हा मागून घेऊन एकदा पाहिल्या.

पंधरवड्यानं पद्माक्काच निपाणीत आल्या. त्यांच्या मालकांचं पेठेत काम होतं, त्यांच्याबरोबर. मीही त्या दिवशी तिथं होतो. वखारीच्या मागच्या खोलीत शिंका देऊन झाल्यावर त्या आपल्या खणापुढं उभ्या राहिल्या. त्यांच्याजवळ स्वतःच्या एकाही कवितेचा कागद उरला नव्हता. माहेरचं दुकान हललं तेव्हा सगळं रद्दीत गेलं होतं. कवितांची निम्मी नावंसुद्धा त्या विसरल्या होत्या. अण्णा त्यांच्याकडं बघत नव्हते, खाली मान घालून "पान बत्तीस... पान चौदा" एवढंच सांगत होते. पद्माक्कांनी विचारलं, "अण्णा, तुम्हाला ह्यातली कुठली आवडली?" अण्णांचे कान लाल झाले. "मी वाचत न्हाय," ते म्हणाले. चहा घेऊन आलेली आक्का दारातच थांबली. "वाचत न्हाईत? मग झोपंत बरळतात ते काय आभाळातनं पडतंय? 'मागावरती अर्धे लुगडे, उरला काठ विणील कोण?' मला तर दोन वर्षं वाटत होतं, ह्यांनी शहापुरात लुगडं विणाय टाकलंय कुणासाठी!" त्या एका क्षणात मापाड्याचा काटा हललेला आम्ही सर्वांनी पाहिला. पद्माक्का हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ हळूच म्हणून पाहिली, जुना दागिना अंगाला बसतोय का बघावं तशी.

दिवाळी आली. अंकांचं पार्सल आमच्या बेळगावच्या वाचनालयात फुटलं तेव्हा अण्णा हजर होते. अण्णांनी पानन् पान उलटलं. पद्माक्कांची कविता कुठंच नव्हती. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी सहकुटुंब निपाणीतच होतो. आक्का तेलाची वाटी घेऊन उभी, पाणी तापलेलं, आणि अण्णा कोपऱ्यात दिव्यापुढं जुनी पंचांगं पसरून बसलेले. "कसली आंघोळ करणार, तेवढं सांगा," आक्का म्हणाली. "उटण्याची का सुतकाची?" अण्णांनी मान वर केली. चेहरा कसा उजळला होता! "उटण्याची! बारा वर्षांत अधिक महिने किती आले? ते कुणी धरायचे? अधिकात लग्न न्हाय, मुंज न्हाय, मग मरण कसं चालंल? ते वजा कर. चैत्र उजाडंल अजून!" आजवर वरच्या रांगेत गेलेल्यांना हा हिशेब लावला नव्हता, हे मी बोलून दाखवणार होतो. माझ्या बायकोनं मला चिमटा काढला. तिचे मी आजही उपकार मानतो.

फाल्गुन संपता संपता चिकोडीहून लखोटा आला. आत एक कविता. अर्धे शब्द कानडी होते, शेताचे, मिरच्यांचे, पाळण्याचे; मराठी शब्द त्यांच्यामधून पाहुण्यासारखे बिचकत चालत होते. सोबत एवढंच लिहिलं होतं: असली चालते का बघा. अण्णांनी ती मला दिली. या खेपेला मी काहीही टाळलं नाही. त्याच दिवशी स्वच्छ प्रत काढून एका मासिकाकडं पाठवली आणि संपादकांना पदर पसरून विनवलं. चैत्राच्या अंकात, पार शेवटी, जाहिरातींच्या शेजारी ती आली, कानडी शब्दांच्या अर्थांच्या तळटिपांसह. खाली नाव होतं: पद्मावती, पूर्वीची चंपू. अण्णांनी नवी चिठ्ठी केली, जुन्या जुडीत ओवली, आणि मग बऱ्याच वेळानं वरच्या रांगेकडं पाहून म्हणाले, "मास्तर, ह्यांच्यातल्या किती जणींची नुसती लग्नं झाली असतील हो?" त्यानंतरचा सबंध उन्हाळा ते शिडीवर चढून काळे दोरे सोडवत होते. जेवढ्या 'कुमारी' होत्या तेवढ्या सगळ्या खाली आणल्या, आणि त्या सगळ्यांच्या नावानं एकदा गोड केलं.

पुढं दुसऱ्या महायुद्धात कागद दुर्मिळ झाला, मासिकं हडकली, काही बंदच पडली. अण्णाही तसेच बारीक होत गेले. ते गेले त्याला आता थोडी वर्षं झाली. खण आमच्या बेळगावच्या घरी आले आहेत. घरात येणारा प्रत्येक जण शिंकतो, आणि मला दर शिंकेला आठवतं की वाचनालयाच्या कितीतरी नोंदी मी अजून केलेल्या नाहीत. पद्माक्का वर्षाआड एखादी कविता कुठं तरी छापून आणतात. मुदत चुकू देत नाहीत. आक्का आता आमच्याकडंच असते. परवा मी हे लिहीत बसलो होतो तर जवळ येऊन बसली. म्हणाली, "यांच्या नावाची चिठ्ठी हाय का रं त्यात?" मी म्हटलं, "नाही, आक्का. त्यांनी जन्मात काही छापलं नाही. हे त्यांच्यावरचं छापून आलं तर त्यांच्या नावाची पहिली होईल." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "मग यांची बारा वर्षं तिथनं मोजायची?"

"तिथून," मी म्हटलं.

"आणि अधिक महिने?"

"ते वजा करून."