हिरवी वायर

“काकाजी, गाडी बंद करू नका. जरा रेस द्या,” मी ओरडून सांगितलं. रामटेके काकाजींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि व्हॅनच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी निघाली. रेस वाढली तशी शिट्टीही चढत गेली. शेजारी बसलेल्या काकूंनी कानावर हात ठेवले. काकाजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांना ती ऐकूच येत नव्हती.

काकाजी सावनेरकडच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले. यंत्रांच्या धडधडाटात नोकरी संपली, सोबत कानही गेले. घरचा टीव्ही कळत नाही, कानातलं मशीन त्यांना सोसत नाही. या व्हॅनमध्ये मात्र स्पीकरवर तळहात ठेवून बसले, की गाणं त्यांच्यापर्यंत पोहोचतं. अ‍ॅम्प्लिफायर पंचवीस वर्षांचा. मुलाने मधे नवा सेट बसवून पाहिला, पण तो काकाजींच्या हाताला काही लागेना.

“हा गेला तर यायचं गाणं गेलं, भाऊ,” काकू काकाजींकडे हात करत म्हणाल्या.

सक्करदऱ्याच्या माझ्या दुकानात मी तीस वर्षं गाड्यांचे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. शिट्टीची तक्रार रोजची. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज सप्लायच्या वायरीतून आत शिरतो. तो गाळायला कपॅसिटर असतात. ते म्हातारे झाले की गाळणं फाटल्यासारखं होतं. अ‍ॅम्प्लिफायर उघडून पाहिला तर दोन कपॅसिटर फुगलेले होते. बदलले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण बोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणीतरी हाताने एक जाड हिरवी वायर टाकलेली होती, जागोजागी मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. कंपनीच्या मालात असलं काही नसतं, आणि मला अशी लुडबूड बघवत नाही. “कोण्या अनाडी माणसाने केलं हे?” असं म्हणत मी दोरे कापले आणि वायर काढून टाकली. काकाजी माझ्याकडे पाठ करून रस्त्यावरची वर्दळ बघत होते. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

टेबलावरच्या चार इंची टेस्ट स्पीकरवर आवाज एकदम स्वच्छ आला. व्हॅनमध्ये बसवून रेस दिली. शिट्टी गायब. मी ऐटीत हात पुसायला घेतले.

काकाजींनी स्पीकरची जाळी काढून आत तळहात ठेवला. गाणं अजून लावलंच नव्हतं.

“हे धडकून राहिलं गा.”

मी स्पीकरला कान लावला. काहीच नाही. हातानेच ‘काही नाही’ अशी खूण केली. त्यांनी माझं मनगट धरून हात स्पीकरच्या आतल्या कागदी पडद्यावर ठेवला.

“कानानं नको पाहू. हातानं पाहा.”

माझ्या तळव्याखाली कागद हळूहळू आतबाहेर होत होता, नाडी लागावी तसा. मी चाटच पडलो. याला आम्ही मोटरबोटिंग म्हणतो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचाच करंट आडवाटेने परत आत येतो आणि त्याला झुलवत ठेवतो. हा झोका इतका संथ होता की कानाला कळत नव्हता. माझा टेस्ट स्पीकर तर असला आवाज काढूच शकत नाही. पण काकाजींचं सगळं ऐकणं त्या तळहातात. तिथेच ही धडधड बसली तर गाण्याला जागाच उरत नव्हती.

अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा टेबलावर आला. तासभर हे बदल, ते बदल केलं. शेवटी ट्रेमध्ये पडलेल्या हिरव्या वायरीकडे नजर गेली. वापरलेला करंट ज्या वाटेने परत जातो ती ग्राउंडची वाट या बोर्डवर फार अरुंद होती. हिरव्या वायरीने तिला दुसरी, रुंद वाट दिली होती. मी मुकाट्याने वायर होती तिथे सोल्डर केली. व्हॅनमध्ये आधी माझा हात ठेवला, मग काकाजींचा. कागद स्थिर होता.

“ही वायर टाकली कोणी?” मी त्यांच्या कानाशी विचारलं.

“मीच. खाणीत इलेक्ट्रिशियन होतो ना. घेतला तवापासून हे धडके, अन् दुकानवाले म्हणत काही नाही. महिनाभर हात ठेवून ठेवून शोधलं.”

ना मीटर, ना सर्किटचा नकाशा, आणि कान तेव्हाच अर्धे गेलेले. मी मनातल्या मनात हात जोडले. माझ्याच्याने हे झालं नसतं.

काकू माझ्याजवळ सरकल्या. “तुम्ही अनाडी म्हटलं ते यायले ऐकू नाही गेलं. मी सांगत नाही.”

मला राहवलं नाही. मीच ओरडून सांगितलं. काकाजी मनापासून हसले. “वायर दिसतेच तशी,” म्हणाले, आणि मग दोरा मागितला. खाणीत गाडे हादरतात, म्हणून तिथे वायरी अशाच बांधायच्या. नुसतं सोल्डर हादऱ्याने सुटतं. मी टॉर्च धरला आणि त्यांनी एकेक गाठ मारली, सगळ्या सारख्या.

गाणं लागलं. डोळे मिटून, हात स्पीकरवर ठेवून ते बोटांनी ठेका धरत राहिले, आणि काकू हळू आवाजात गाऊ लागल्या.

आता मी गाडी देण्याआधी स्पीकरवर हात ठेवून बघतो. आणि दुसऱ्याची वायर कापायची वेळ आली, तर आधी विचारतो, ही कोणाची. तेही मोठ्याने.