आठवीच्या तासाला आलेलं अनोळखी नाव

टाळेबंदीच्या पहिल्या वर्षी विश्रांतवाडीतल्या आमच्या शाळेची आठवी मी घरच्या ओट्यापाशी उभी राहून शिकवत होते. डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवायचा आणि मराठीचा तास घ्यायचा. मुलांचे कॅमेरे बहुतेक बंदच असत. तरी मी कविता चालीत म्हणायचे, हातवारे करायचे, मध्येच कुणाला तरी टोकायचे. मुलं हसायची, उत्तरं द्यायची.

एक दिवस यादीत नवीन नाव दिसलं. नाव कसलं, मोबाईलचं मॉडेल आणि पुढे काही आकडे. मी विचारलं, आपण कोण? ते लगेच गायब झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मला मुख्याध्यापिकांचाच संशय आला. सगळ्या तासांच्या लिंक त्यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायला लावल्या होत्या, त्या काय उगीच? मग वाटलं, एखादा पालक रेकॉर्डिंग करत असेल. नवरा म्हणाला, काढून टाक की. पण मुख्याध्यापिका असल्या तर? मी चाल सोडली, गमती सोडल्या. धडा वाचायचा, प्रश्न सांगायचे, संपलं. मुलंही गप्प झाली.

आठवड्याभराने आमच्या हिंदीच्या सरांचा फोन आला. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मोबाईलवर शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं ते मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "अहो बाई, हल्ली तुम्ही नुसतं वाचूनच दाखवता. बरं नाही का?"

"सर, तुम्हाला कसं कळलं?"

मग त्यांनी सांगितलं. मुलाच्या जुन्या मोबाईलवरून तेच येत होते. त्यांच्या तासाला पाच-सहा मुलं टिकायची, तीही मुकी. माझ्या तासाला ती का बोलतात, ते त्यांना बघायचं होतं.

"विचारायची लाज वाटली," ते म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती. आला राग. मुख्याध्यापिकांनी तुम्हाला पाठवलं का, असं मी सरळ विचारलं. ते दुखावले. नाही म्हणाले, दोनदा.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच्या नावाने, कॅमेरा लावून येऊ लागले. मी पुन्हा चाल धरली, पण पहिले काही दिवस आवाज चोरटाच निघत होता. पुढे त्यांच्या तासालाही मुलं बोलू लागली, असं त्यांनीच फोन करून सांगितलं. एकदा येऊन बघा, म्हणाले. मी गेले नाही.

त्यांचं 'नाही' मी खरं मानलं. म्हणजे, बरंचसं.