साहेबांचा रुमाल आणि पाच चेहरे

मला दिसत नाही, पण ऐकू इतकं येतं की जोगेश्वरीत कुणी पापड मोडला तर अंधेरीच्या ऑफिसात मी मान वळवतो. कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारा माझा जुना प्रोग्राम मी अशा वेगात लावतो की शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतात, "अरे, त्याला श्वास तरी घेऊ दे."

मग कंपनीने नवा प्रोग्राम आणला. साहेबांनी तो पडद्यावर डोळ्यांनी बघितला आणि आवाज बंद ठेवूनच पास केला. उरला फक्त माझा अभिप्राय. मी चांगला म्हटलं की जुना काढणार आणि नव्यावर काम जमेना म्हणून मला रिसेप्शनवर फोन उचलायला बसवणार, हे मी तीन भिंतींपलीकडून ऐकलं होतं.

आठवडाभर वापरला. नव्या प्रोग्राममधल्या आवाजाची बाई एक ओळ वाचेपर्यंत माझी दाढी वाढायची. समोर दहा बटणं असली तरी ती फक्त "बटण, बटण" म्हणायची. कसलं बटण, ते तिच्या पोटातच.

अभिप्रायाचा फॉर्मही तिच्याकडूनच ऐकून भरायचा होता. रडके-हसरे मिळून पाच चेहरे आहेत, एवढंच शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं; क्रम नाही. प्रोग्राम म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. चित्र. चित्र." पहिलं रडकं असणार असं धरून मी ते दाबलं.

साहेब नाचत आले. "झकास ना? एकदम हसरा चेहरा दिलास."

"तो हसतोय हे मला कुणी सांगितलं, साहेब?"

"अरे, समोर दिसतंय ना."

 

"तुम्हीच भरून बघा ना एकदा," मी म्हटलं. "डोळ्यांवर रुमाल बांधून."

शेजारच्या बाईंनी साहेबांचाच रुमाल त्यांच्या डोळ्यांवर हौसेने, दोन गाठी मारून बांधला. साहेब चिडले की त्यांची भाषा थेट मालवणला पोचते. "मेल्या, ह्यां बटाण खंयचां?" म्हणत त्यांनी माउस माझ्या चहात घातला. शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "दिला रडका."

बाई हसत सुटल्या. "साहेब, तुम्हीपण हसराच दिलात."

साहेबांनी रुमाल सोडला आणि कागदावर काहीतरी खरडून सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं.

"काय लिहिलंय?"

"दिसत नाही का..." म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी 'नवा नामंजूर, जुना चालू' हे मला वाचून दाखवलं, इतक्या घाईने की माझा जुना प्रोग्रामसुद्धा मागे पडला असता.