शेजारणीचं कुंपण

आमची शेजारीण मूळची इंग्लंडमधल्या एका खेड्यातली. इथे अमेरिकेत, बॉथेलला येऊन तिला उभं आयुष्य झालं, पण गप्पा अजून गावच्याच. दगडी चर्च, समोर पब, आणि चर्चच्या आवारात चर्चहूनही जुनं यू नावाचं झाड, त्याच्या पोकळ खोडात पोरं लपायची. ऐकताना मला तिचा हेवा वाटे. त्या झाडाची आठवण म्हणून तिनं आमच्या दोघींच्या मधल्या कुंपणाला यूच लावला होता. बारा महिने हिरवागार, आणि गणपतीच्या सुमारास त्याला लाल मण्यांसारखी फळं धरतात.

गेल्या वर्षी गणपतीला सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. पत्रीवाचून पूजा म्हणजे त्यांच्या लेखी नुसती उरकाउरकी. इथे शमी, आघाडा कुठून आणणार?

"आई, दूर्वा मिळाल्यात, तेवढ्या पुरे," मी म्हटलं.

"पुरे काय पुरे? एवढं हिरवं आहे चोहीकडे," म्हणत त्या परडी घेऊन बाहेर पडल्या, आणि आमच्या बाजूला झुकलेल्या यूच्या डहाळ्या फळांसकट खुडून आणल्या. ताम्हन इतकं देखणं दिसत होतं की मी फोटोही काढला.

शेजारीण दरवर्षी आरतीला येते, खरं तर मोदकांना. आली, ताम्हन पाहिलं आणि दारातच थबकली.

"ही पानं कोणी तोडली? विषारी असतात. बियासुद्धा."

मग तिची नजर पाटाशी बसलेल्या माझ्या तीन वर्षांच्या मुलीकडे गेली. पोरीचे ओठ लाल, चिकट झाले होते.

मी ताम्हन उचलून दूर ठेवलं. नवऱ्यानं विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून विचारलं, लाल गराचं काही नाही, पण बिया चावल्या का? कोणाला ठाऊक. शेजारीण मुलीचं तोंड उघडून बघत होती आणि बोलत सुटली होती, की गावात चर्चच्या आवाराचं फाटक कायम लावून ठेवत, गुरं आत शिरू नयेत म्हणून; की एक गाय तिनं डहाळी तोंडात असतानाच मेलेली पाहिली होती. मी भडकले.

"इतकी वर्षं चर्च सांगितलंत, पब सांगितलात. हे नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी मुलीला विचारलं, "बिया कुठे गेल्या गं?" तिनं पाटामागे बोट दाखवलं.

"आय डिडन्ट ईट देम. आजी सेड, बी थुंकायची."

पाटामागे ओल्या बिया पडल्या होत्या, सगळ्या अख्ख्या. तरी तिला इमर्जन्सीत नेलं, आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवून घेतलं. तिला काही झालं नाही. मी मात्र तिची बोटं पुन्हा पुन्हा पुसत होते.

सासूबाई तिथे एका कोपऱ्यात बसून होत्या. दिवसभर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"आपला धोत्राही विषारीच," त्या म्हणाल्या. "पण तो ओळखीचा असतो."

परत येताना गाडीत मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी म्हटलं, "आई, पुण्याला बोरं खाताना तुम्ही तिला बी थुंकायला शिकवलंत, म्हणून वाचली."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि लाल दिसलं की तोंडात टाकायलाही मीच शिकवलं."