शत्रूच्या घरचे झेंडे

बंदराच्या चढावर, रंगाच्या दुकानावरच्या खोलीत माझी आत्या झेंडे शिवायची. सगळं बंदर तिला झेंडेवाली म्हणायचं आणि तिला ते स्वतःच्या नावापेक्षा जास्त आवडायचं. जहाजांचे, कचेऱ्यांचे, शर्यतींचे, झाडून सगळे झेंडे तिच्या मशीनखालून जात. खोलीत टेकायचं तर आधी कुठला तरी देश उचलून बाजूला ठेवावा लागे. "त्या साम्राज्यावर बसू नकोस गं, आत्ताच इस्त्री केलीय," असं ती मला अगदी सहज सांगायची.

खिडकीपाशी आतोबा घड्याळं दुरुस्त करत बसत. ते मूळचे समुद्रापलीकडच्या एका चिमुकल्या देशाचे. जहाजावरचं घड्याळ नीट करायला म्हणून आले, आत्याला पाहिलं आणि जहाज त्यांना सोडून गेलं. माणूस सोन्यासारखा, पण हातात कातर दिली की घात. एकदा हौसेनं पडदा कापला, तर खिडकीची एक बाजू कायमची उघडी राहिली. तेव्हापासून आत्या कातर उंच खुंटीला टांगायची.

मग युद्ध आलं. मूळ भांडण होतं दोन लांबच्या राज्यांचं, नदीवरच्या एका पुलावरून. एकाच्या पाठीशी त्याचा मोठा दोस्त उभा राहिला, म्हणून दुसऱ्याचा मोठा दोस्त बाह्या सरसावून उठला. त्या दोस्तांचेही दोस्त होते, आणि सगळ्यांनी एकमेकांना आधीच शब्द देऊन ठेवलेले. आमच्यावर राज्य करणारे एका गटात, आतोबांचा देश दुसऱ्या गटात. राज्यकर्ते लढणार म्हणजे आम्हीही लढणार, आम्हाला विचारतो कोण? पुलाचं नाव गावात एकालाही धड घेता येत नव्हतं.

"घरमालक भांडायला निघाला की भाडेकरूनं काठी घेऊन मागे चालायचं, हा कुठला न्याय?" आत्या म्हणाली. पण बोलता बोलता ती झेंडेच शिवत होती, कारण पलटणीला निरोप द्यायला धक्काभर झेंडे लागणार होते.

दोनच दिवसांत बंदरसाहेब शिपाई घेऊन जिना चढून आले. बंदराचे सगळे अधिकार यांच्याकडे, आणि यांचं घड्याळ मात्र वर्षानुवर्षं आतोबाच नीट करत. आज ते आतोबांच्या नजरेला नजर देईनात.

"तुम्ही आता शत्रूदेशाचे," ते म्हणाले. "बेटावरच्या छावणीत जावं लागेल. सामान बांधा."

छावणीत गेलेला माणूस कधी परत येईल हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "आणि मी?"

साहेबांनी घसा खाकरला. "कायद्यानं बायको नवऱ्याच्या देशाची. पण बायकांना घरी राहायला हरकत नाही."

"म्हणजे मी पण शत्रू?"

"कागदोपत्री, वहिनी."

"बरं झालं सांगितलंत." आत्यानं मशीनवरचा झेंडा काढला, घडी घातली आणि पेटीत टाकला. "शत्रूनं शिवलेल्या झेंड्याखालून आपली पोरं लढायला जाणार? शोभतं का हो ते?"

अख्ख्या गावात झेंडे शिवणारं दुसरं कुणी नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे साहेब स्टुलावर बसले. "असं काय करता, वहिनी?"

"मी शिवते, पण कापतात हे. हे गेले की काम बंद."

इतकी सफाईदार थाप मी आजवर ऐकलेली नाही. आतोबांच्या तोंडाचा आ झाला. साहेबही काही दुधखुळे नव्हते. "असं? मग आत्ताच कापून दाखवा," ते म्हणाले.

आतोबांनी खुंटीवरची कातर काढली. लाल कापड पसरलं, जीभ दातांत धरली आणि कापायला लागले. पट्टा तयार झाला. एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला हातभर रुंद.

"तिरका आहे," साहेब म्हणाले.

"वाऱ्यात सरळ दिसतो," आत्या पापणीही न लववता म्हणाली. "जुनी पद्धत आहे."

साहेबांनी पट्टा उचलून उजेडात धरला आणि खाली ठेवला. मग त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि उगाचच कानाला लावलं. ते टिकटिकत होतं. "कुशल कारागीर असं लिहून यांना इथेच राहू देतो," ते उठत म्हणाले. दारात वळून हळूच पुढे म्हणाले, "आणि वहिनी, पट्टे जरा तुम्हीच बघा."

पण शिपाई अधूनमधून तपासायला यायचा, त्यामुळे आतोबांना खरंच कापावं लागे. "एक वेळ शत्रू परवडला, पण तुमची कातर नको!" आत्या करवादायची. युद्धाच्या मध्यावर आमच्या बाजूच्या एका देशानं गट बदलला, तेव्हा त्याचे तयार झेंडे उसवून तिनं सगळ्या शेजाऱ्यांना उशांचे अभ्रे करून दिले. युद्ध लांबत गेलं आणि आतोबांचा हात पट्टी ठेवल्यासारखा सरळ झाला.

खालच्या रंगवाल्याचा पलटणीत गेलेला मुलगा मात्र परत आला नाही. बातमी आली त्या दिवशी आतोबा जिन्यावर बसून त्याच्या बापाचा हात धरून रडले. त्या जिन्यावर शत्रू कोण आणि दोस्त कोण, हे कुणी मला सांगावं.

शेवटी तह झाला. समारंभासाठी दोन्ही गटांतल्या सगळ्या देशांचे झेंडे लागणार होते. आतोबांनी एकेक करून सगळे सरळ कापले. त्यांच्या देशाचा शेवटी उरला. त्यांनी कापड पसरलं, खडूनं रेघ मारली, कातर चालवली, आणि पट्टा पहिल्या दिवशीसारखाच तिरका निघाला. त्यांना रेघच दिसत नव्हती, डोळे भरले होते.

"बिघडलं गं," ते म्हणाले. "दुसरं कापड दे."

आत्यानं तो पट्टा त्यांच्या हातातून घेतला आणि होता तसाच मशीनखाली सरकवला.

समारंभाला वारा अजिबात नव्हता. सगळे झेंडे सरळ लटकत होते, एक सोडून. साहेबांनी मान वर करून पाहिलं. "वहिनी, तो तिरका कसा?"

आत्यानं आतोबांचा हात घट्ट धरला होता. "जुनी पद्धत आहे, साहेब," ती म्हणाली.